आतली कडी

काचेपलीकडे उत्पलाच्या शाळेची सहल उभी होती. बाकीची मुलं भिंतीवरच्या बोधिसत्त्वाकडे टकामका बघत होती. उत्पला मात्र आईकडे.

विशाखा ब्रश ठेवून काचेजवळ आली. माणसांच्या श्वासातल्या दमटपणाने लेण्यातल्या रंगांचे पोपडे सुटू लागले, तेव्हा आतली हवा काढून कोरडा वायू भरला होता. त्यात राहून चित्रं सांधता यावीत म्हणून तिने फुप्फुसं बदलून घेतली. फक्त पावसाळ्यापुरती, असं डॉक्टर म्हणाले होते. पण बदल उलटवता येईना. आता बाहेरच्या हवेत ती चार श्वासही तगली नसती. घरात उत्पलाला एवढंच सांगितलं होतं, की आईचं काम लांबलंय. तेव्हा ती कडेवर होती. आता तिचा हात बोलायच्या बटणापर्यंत पोचत होता.

"आई, तुझ्या मागच्या खोलीत कोण राहायचं गं?"

"भिक्खू. पावसाळाभर मुक्काम करायचे, पाऊस सरला की निघून जायचे."

"त्यांना कोंडून ठेवायचे?"

"छे गं! चौकटीतली ती खाच बघ. कडी आतून असायची. मनात आलं की उघडायची."

उत्पलाने काचेचं दार वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुझीपण आतूनच आहे," ती म्हणाली. "मग तू का नाही येत?"

विशाखाचा हात कडीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"काम उरलंय गं अजून," असं म्हणून तिने वळून ब्रश उचलला. तो कोरडाच होता. भिंत मागच्या वर्षीच पुरी झाली होती.