आजीच्या वाटचा केक

कुलपात किल्ली करकरली. सासू-सुनेच्या वाटभरच्या अबोल्यात तेवढाच काय तो आवाज झाला.

शहराच्या मध्यावरच्या त्या नावाजलेल्या हॉटेलात, सुनेच्या ऑफिसातल्या मैत्रिणींच्या देखत, सासूबाईंनी स्वतःच्या वाटचा केक हळूच कागदी रुमालात गुंडाळला होता. "आई, ठेवा तो खाली! चारचौघांत लाज काढाल माझी," सून दबक्या आवाजात खेकसली होती. सासूबाईंनी मुकाट्याने पुडी बशीत परत ठेवली होती.

दार उघडताच बाबांपाशी थांबलेली छोटी धावत येऊन आजीला बिलगली. "लबाडे, कुठे लपवलास माझा खाऊ?"

"आज विसरलेच गं बाई," सासूबाई हसून म्हणाल्या. सुनेकडे त्यांनी बघितलंही नाही.

छोटी आईकडे वळली.



"आई, आजी खाऊ कधी विसरते का गं?"