एकशे बारा पत्रं

"खाला, पुण्याहून परत आली," असं म्हणत बुद्धभूषणनं तळहाताएवढी हार्ड डिस्क काउंटरवर ठेवली.

राहतबींनी ओढणीनं चष्मा पुसला. "मिळाली पत्रं?"

"डिस्क परत आली, खाला. आतलं काही निघालं नाही."

पैठण गेटच्या गल्लीत दुपारची गर्दी होती. बाहेर एक रिक्षावाला कुणावर तरी ओरडत होता. राहतबींचा बंद पडलेला कॉम्प्युटर महिनाभरापासून दुकानाच्या कोपऱ्यात उभा होता, पोट उघडं ठेवून.

"एकशे बारा होती. गिनके," त्या म्हणाल्या.

"एक पण नाही निघालं."

"नीट बघायला सांग ना त्यांना. वरची गेली असतील. खालची असतील."

बुद्धभूषण हसला नाही. त्यानं स्क्रू काढून झाकण उघडलं. आत आरशासारखी चकती होती आणि तिच्यावर गोल गोल ओरखडे, पाटीवर खिळा फिरवावा तसे.

"याच्यावरच असतं सगळं. घासून गेलंय. बंद पडल्यावर किती वेळा चालू करून बघितलं?"

"रोज. दुपार उतरली, असरची नमाज झाली की." राहतबी चकतीकडं बघत होत्या. "आतून टकटक यायची. मला वाटलं, जान आहे अजून."

त्या टकटकीनंच एकेक पत्र खरवडून काढलं होतं. बुद्धभूषणच्या ते तोंडावर आलं होतं. त्यानं गिळलं.

"हरकत नाही. मूळ कागद आणा. पुन्हा स्कॅन करू. मी घरी येऊन करून देतो, चार दिवस लागले तरी."

"ते विहिरीत आहेत."

"विहिरीत?"

"ट्रंकेला वाळवी लागली होती. मंतशानं, माझ्या नातीनं, सगळी पत्रं यात घातली. म्हणाली, नानी, आता वाळवीचा बाप आला तरी काय करत नाही. मग ते फाटके कागद ठेवून काय करायचं? प्रत्येकाच्या डोक्यावर सातशे शहाऐंशी लिहिलेलं. अल्लाचं नाव. रद्दीत देता येतं का? पायाखाली येऊ देता येतं? शेंद्र्याला भावाची विहीर आहे. पांढऱ्या कपड्यात बांधून तिथं ठंडे केले. वर येऊ नयेत म्हणून दगड बांधला. माझ्या हातानं सोडले."

"अन् दुसरीकडं कुठं? पेनड्राइव्ह, मोबाइल? नातीकडं?"

"ती ठेवत होती. मीच नाही ठेवू दिलं." राहतबी जरा लाजल्यासारख्या झाल्या. "मियाँ-बीवीच्या गोष्टी. पोरीच्या मोबाइलात कशाला?"

बुद्धभूषणनं विचारायला नको होतं, पण विचारलं. "एवढं काय होतं त्यात?"

"काय असणार. नळाला पाणी येतं का. आपल्या पोरीला, गजालाला, दात आला का. पिवळ्या साडीतला फोटो पाठव. एकदा तर मला रागवायला चार पानं लिहिली, अन् पाचव्या पानावर माफी." त्या थोडं हसल्या. मग हसू तसंच राहिलं आणि नजर कुठंतरी दूर गेली. "एकोणीस वर्षं मंतशाचे नाना जेद्दात होते. दोन सालांतून एकदा यायचे, दीड महिना. गेले तेव्हा मिट्टी पण तिथंच झाली. आमचा संसार कागदावरच झाला, बेटा. घरात कुठं झाला?"

बुद्धभूषणनं काउंटर आवरायला घेतलं. वायरी गुंडाळल्या. नेहमीच्या सवयीनं डिस्क उचलली आणि काउंटरखालच्या भंगाराच्या बादलीवर हात नेला.

"अरे! नको!" राहतबी स्टुलावरून उठल्या.

"खाला, आता ही कामाची नाही."

"एकशे बारा वेळा अल्लाचं नाव लिहिलंय त्यात."

"घासून गेलंय ते. मी दाखवलं ना तुम्हाला."

"तुझ्या मशीनला वाचता येत नाही म्हणून लिहिलेलं मिटतं का?"

बुद्धभूषणनं हात मागं घेतला. झाकण बसवलं. स्क्रू बारीक होते, एकेक करून त्यानं सगळे लावले. मग काउंटरवरची कॅरीबॅग पुढं केली.

"नको," राहतबी म्हणाल्या. "लटकवून नेत नाहीत."

त्यांनी ओढणी डोक्यावर नीट घेतली, दोन्ही हातांत डिस्क धरली आणि छातीशी लावली. दाराशी जाऊन त्या थांबल्या.

"बेटा, तुझ्याकडं पांढरं फडकं आहे का? कोरं?"