मागचं चाक

पंपाचा काटा शंभरावर गेला आणि सायकलचं पुढचं चाक तसंच मऊ.

"मी भरतोय, पण जातच नाहीये," बाबा मोबाइलकडे बघून म्हणाले. मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवलेला होता आणि त्यात मुलीचा चेहरा होता, दूर गावी, तिच्या स्वयंपाकघरात, केस वर बांधलेले. तिची सायकल मात्र इकडे बैठकीत, वर्तमानपत्रांवर उलटी उभी होती. चांगली शर्यतीची सायकल, चार बोटं खोल रिमची. एवढ्या खोल रिममध्ये ट्यूबचा वॉल्व्ह बुडून जातो, म्हणून त्याच्यावर बोटभर लांबीची नळी चढवावी लागते. तिला एक्स्टेंडर म्हणतात, हे बाबांना आता झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

"काटा पंपातली हवा दाखवतो बाबा. चाकातली नाही."

"मग कशाला लावलाय लेकाचा?"

ती हसली. ती हसली की बाबांचा रविवार सार्थकी लागायचा.

"वॉल्व्हच्या टोकावरची ती बारकी चकती सैल केलीत ना? ती बंद राहिली तर जन्मभर पंप मारलात तरी आत काही जाणार नाही."

"केली की. तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस."

ही चक्क थाप होती. चकती बंद होती आणि सकाळी बाबांनीच ती आवळून ठेवली होती. पहिल्या रविवारी त्यांचं खरंच चुकलं होतं. मग आठवड्यात मध्येच एका दिवशी त्यांचं त्यांना कोडं सुटलं, चाक भरलं, आणि तिला सांगायला म्हणून हातात घेतलेला फोन त्यांनी तसाच खाली ठेवला. चाक भरलं की सायकल जाणार होती. घेणारा माणूस तिनं ठरवून ठेवला होता. आणि सायकल गेली की उरणार होतं ते एरवीचंच: जेवलात का, गोळी घेतलीत का, बरं ठेवते. तेवढ्यात तर चहालाही उकळी येत नाही. बाबांनी हवा सोडून दिली. तेव्हापासून रविवारचा अख्खा तास त्यांचा झाला होता. बाकीचे दिवस घरात दुसरं कुणी बोलायला नव्हतं, पण ते कसेबसे निघायचे.

"एक्स्टेंडर काढा आणि मला जवळून दाखवा बरं," ती म्हणाली.

हे तिनं आजवर कधी मागितलं नव्हतं. बाबांनी नळी फिरवून काढली, मोबाइल वॉल्व्हपाशी नेला आणि चकती जमेल तेवढी अंगठ्याआड धरली.

"आट्यांवर ते पांढरं काय आहे?"

"टेप. नळाला गुंडाळतात ती." बाबांच्या आवाजात नकळत ऐट आली. "अगं, भरताना निम्मी हवा त्या आट्यांतूनच फुसफुसत बाहेर यायची. ही गुंडाळली आणि चाक कसं दगडासारखं झालं."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो ते.

बाबा वॉल्व्हकडेच बघत राहिले. एवढ्याशा बैठकीत तोंड लपवायला जागा नव्हती. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून भीती जास्त वाटली, कारण आता ती काय म्हणणार ते त्यांना ठाऊक होतं.

"तो घेणारा काल विचारत होता, कधी येऊ म्हणून," ती म्हणाली.

"हो का. मग येऊ दे की."

"खरंच येऊ दे?"

"तुझी सायकल. मी कोण अडवणारा?"

तिकडे नळ सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. ती परत समोर आली तेव्हा तिनं तोंड धुतलं होतं.

"पुढचं चाक झालं म्हणून कळवते त्याला," ती म्हणाली. "पण मागचंही तपासायला हवं ना बाबा. ते येत्या रविवारी बघू. घाई नको. नीट बघू."

"मागच्याला काय झालंय?"

"ते तुम्ही सांगा मला, रविवारी."

फोन ठेवल्यावर बाबांनी मागच्या चाकाला अंगठा लावून पाहिला. टणक होतं, कुठे काही खोट नव्हती. ते गुडघ्यावर हात टेकून हळूच खाली बसले. एक्स्टेंडर फिरवून काढला आणि चाकातली सगळी हवा सोडून दिली. मग ती बारकी चकती चांगली घट्ट आवळली.