वगळायच्यांची यादी

"भाऊ आहे म्हणून विचारतेस ना?" साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"काम आहे म्हणून विचारते. सेटिंगमध्ये तो रकाना असतोच. कोणाकोणाला वगळायचं, त्यांची यादी."

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे तारवाली म्हणत. दातांच्या डॉक्टरांची मापं कॉम्प्युटरवर येत, त्यावरून खालच्या दालनात मेणाचे साचे घडत. बाहेरच्या जगाशी बोलणारा प्रोग्रॅम तिनं एकटीनं लिहिला होता. खाली वीस मशीन आणि तिचं एक, प्रत्येकावरून निरोप जात-येत.

साहेबांना आता त्या वाटेवर नाका बसवून हवा होता. जाणारा-येणारा प्रत्येक निरोप नाक्यावर थांबणार, त्याची नक्कल निघणार, मगच तो पुढे सुटणार. कारखाना बंद पडणार अशी कुजबुज महिनाभर चालू होती. कामगारांचा म्होरक्या होता तिचा सख्खा थोरला भाऊ, आणि त्याच्या मनात काय शिजतंय ते साहेबांना कळायला हवं होतं.

"मला हे पटत नाही," तिनं तोंडावर सांगितलं. "लोकांची पत्रं फोडण्यातला प्रकार आहे हा."

"पटवून घे. नाहीतर दुसरी बघतो."

"मीच करते. पण मग तुम्ही सांगाल तसंच करीन, एक अक्षर इकडचं तिकडं होणार नाही. यादीत कोणाचं नाव घालू?"

"कोणाचंही नाही."

"लेखी द्या."

साहेबांना हसू आलं. भावाला दाखवायला कागद हवा असणार बिचारीला. त्यांनी लिहिलं, 'कारखान्यातल्या एकाही मशीनला सूट नाही,' आणि खाली झोकात सही ठोकली.

"भावाचं तेवढं रोज वेगळं काढून मला आणून द्यायचं. बाकीचा कचरा वाचायला मला वेळ नाही. तुझ्यापाशीच ठेव."

सहीच्या कागदाची एक प्रत तिनं खाली फळ्यावर लावली. साहेबांनी ती जाता जाता पाहिली. बरं झालं, जरा वचक बसेल, असं म्हणून ते वर आपल्या केबिनमध्ये गेले.

मग ती कामाला बसली. सगळी मशीन तिच्याच त्या एका प्रोग्रॅममधून बाहेर बोलत, त्यामुळे सेटिंगची फाइलही एकच. तिनं नाक्याचा पत्ता घातला. उत्तराची वाट तीस सेकंद बघायची होती, त्याचे साठ केले. नाका आला की खोळंबा आलाच. नाक्याचा दाखला, म्हणजे त्याचं ओळखपत्र, खरा मानायचा, हेही लिहिलं. वगळायच्यांचा रकाना रिकामा ठेवला आणि फाइल सगळ्या मशीनवर सोडली.

पडद्यावर एकेक मशीन हजेरी लावू लागलं. नावं जागेवरून ठेवलेली होती: मेण एक, मेण दोन, प्लास्टर, पॉलिश. तिनं बोट ठेवून मोजली. बावीस. एकही सुटलं नव्हतं. ती चहा प्यायला गेली.

दुपारी दादानं तिला जिन्यात गाठलं.

"माझं एक नाव घाल त्या यादीत. कोणाला कळणार आहे?"

"नाही, दादा."

"वीस घरांचा प्रश्न आहे, बाई. त्याला हा कारखाना फुंकायचाय, आणि आम्ही एकमेकांशी बोलायचंही नाही?"

"सूट कोणालाच नाही."

"दातही आपले न् ओठही आपले, म्हणून गप्प बसतोय," तो म्हणाला आणि पाठ फिरवून गेला.

त्या दिवसापासून तिच्या बाकावर कोणी डबा उघडेना. कोणीतरी तिच्या टेबलावर एक सुटा सुळा ठेवून गेलं. तिनं तो पेनांच्या डब्यात टाकला. वाईट वाटलं, पण रडायला ती काही लहान नव्हती.

साहेबांच्या हातात रोज दादाचं पान पडू लागलं. त्यावर रोज एकच ओळ असे: 'साहेबांना नमस्कार. आज दाढा जास्त, सुळे कमी.' साहेब दातओठ खात ते पान फाडत. बाकीचा गठ्ठा तिच्या कपाटात वाढत होता.

तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, साहेबांनी फळ्यावर चिठ्ठी लावली. सोमवारी सर्वांना भरपगारी सुट्टी, मशीनची साफसफाई. अकरा वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. काहीजण खूश झाले.

संध्याकाळी तारवाली दादाच्या घरी गेली. वहिनीनं दार अर्धंच उघडलं. पंधरा मिनिटांत ती बाहेर आली, आणि आत तिला पाणीसुद्धा कोणी विचारलं नव्हतं.

सोमवारी सकाळी आठला साहेब दोन ट्रक घेऊन फाटकाशी आले. फाटक सताड उघडं होतं. आत वीस मशीनपाशी वीस माणसं हात टेकून बसली होती. मधल्या बाकावर दादा होता, आणि त्याच्यासमोर खुर्चीवर कामगार कचेरीतल्या अधिकारी बाई एक कागद वाचत होत्या.

"मशीन हलणार नाहीत," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ट्रक परत पाठवा."

साहेबांची दातखीळ बसली. ती सुटली तेव्हा ते दादावर धावून गेले. "कोणी फोडलं? मशीन विकत घेणारा आणि मी, दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं हे!"

दादा बाकावर जरा सरकला आणि त्यानं शेजारी एका माणसाची जागा केली.

तारवाली कपाटापासून चालत आली. तिच्या हातात तीन आठवड्यांचा गठ्ठा होता. तिनं तो साहेबांच्या हातात दिला आणि जाऊन दादाशेजारी बसली.

"हे बाकीचं, साहेब. माझ्यापाशी ठेवायला सांगितलं होतंत."

पहिलंच पान शुक्रवारचं होतं. 'सोमवारी आठला ट्रक आणतो, सगळं उचलून न्या. खालच्यांना पत्ता लागणार नाही.' आणि त्याखाली, निरोप पाठवणाऱ्या मशीनचं नाव: वरची केबिन.