वाकडे टाके

सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच वेळ मावशीची नजर वळली, आणि कापड बेतायच्या टेबलावरून भाची खाली कोसळली. हनुवटीला तीन टाके पडले. तेव्हापासून दुकानातली दुपार मावशीला पाण्याखालची वाटायची; टांगलेले झगे वाऱ्याशिवाय डोलायचे, शिलाई मशीन हात लावण्याआधीच कुरकुरायचं. आठवड्यानं पट्टी निघाली आणि धाकटी बहीण लेकीला पुन्हा घेऊन आली. “माझ्याकडे नको गं ठेवूस. माझ्या डोळ्यांचा मलाच भरवसा नाही.” “ताई, लहानपणी मलाही कडेवरून पाडलं होतंस, तरी तुलाच चिकटायचे ना मी?” म्हणत बहीण कामावर पळालीसुद्धा. पोरगी मावशीच्या मांडीवर चढली, गिऱ्हाइकांच्या आरशात हनुवटी निरखत राहिली. “डॉक्टरांना शिवताच येत नाही गं मावशी. बघ किती वाकडे टाके! तू उसव आणि सरळ शिवून दे.” डोळे मिटून तिनं हनुवटी वर केली.