गालावरचा ठिपका

रफू करण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, पण कामाच्या फोटोंना लाइक मिळायचे जेमतेम नऊ. शेवटी देखण्या भाचीला म्हटलं, “बाई, तूच शाल डोक्यावरून घेऊन बस.” ती खिडकीत बसली. कलतं ऊन शालीतून झिरपलं आणि तिच्या गालावर सोनेरी ठिपका होऊन विसावलं. भोवती लोकरीचे तंतू तरंगत होते. हरखून फोटो टाकला. चहा होईपर्यंत बदामांचा पाऊस! “रफू कुठे केलंय, कळतच नाही!” “काय हात आहे ताईंचा!” मीही तरंगू लागले. भाची मात्र फोटो मोठा करून बघत होती. “मावशी, तू शाल रफू व्हायच्या ढिगातली दिलीस. हा ठिपका भोकातून पडलाय.” “काहीतरीच!” मी चष्मा लावून फोन घेतला. तीस वर्षं माणसाआधी त्याच्या कपड्यातलं भोक हेरणारी माझी नजर पुन्हा तिच्या चेहऱ्यावरच जाऊन बसली.