दोन चमचे मैदा

पाचव्या खेपेला कांद्याच्या रिंगा मनासारख्या झाल्या. बोटांत धरून मोडली की कटकन आवाज यावा, अशा.

सत्तावीस वर्षं शाळेचं कँटीन चालवलेल्या बाईला कांदा तळायला पाच खेपा लागाव्यात, याचं तिचं तिलाच हसू येत होतं. शेकडो पोरं तिच्या हातचं खाऊन मोठी झाली, एकाचंही पोट कधी बिघडलं नाही. आणि तिच्याच स्वयंपाकघरात म्हणे तिच्या सुनेच्या जिवाला धोका होता.

हे मुलाचं म्हणणं. दोन वर्षांपूर्वी याच ओट्यापाशी उभा राहून तो म्हणाला होता, "आई, तिला गहू चालत नाही. गव्हातलं ते ग्लूटेन. नुसतं पीठ उडालं तरी ती आजारी पडते. तुझ्या घरात तर कानाकोपऱ्यात पीठ आहे. आम्हाला वेगळंच राहावं लागेल."

सून मागे दारात उभी होती. हूं की चूं नाही. सामान बांधताना मात्र तिचे डोळे वाहत होते. नक्राश्रू, सासू मनात म्हणाली. नवऱ्यामागे एकटीनं वाढवलेला मुलगा घेऊन चालली आणि वर रडतेय!

पण रडत बसणारी बाई ती नव्हती. तिनं घरातलं गव्हाचं पीठ शेजारणीला देऊन टाकलं. डबे उकळत्या पाण्यानं धुतले. चाळणी नवी, कढई नवी, झारा नवा. फोनवर मुलगा म्हणायचा, "आई, तुला नाही जमायचं ते. कशाला त्रास करून घेतेस?" तो असं म्हणाला की ती आणखी एक फडताळ घासायला काढायची.

रिंगाच का, तर लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांत सून या ओट्याशी उभी राहून झाऱ्यावरच्या गरमागरम रिंगा फस्त करायची. आता त्याच, पण गव्हाशिवाय. बोटभर जाडीच्या चकत्या. त्यांच्या आतला पातळ पापुद्रा सोलायचा, नाहीतर पीठ चिकटत नाही. तांदळाचं पीठ आणि कॉर्नफ्लॉर, त्यात बाटलीतला बर्फासारखा गार सोडा. एका वेळी चारच सोडायच्या, आणि काढल्या की जाळीवर ठेवायच्या. कागदावर ठेवल्या की वाफेनं मऊ पडतात. हे शहाणपण चौथ्या खेपेला आलं.

रविवारी दोघं जेवायला येणार होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच. सकाळी ती कांदे चिरत होती आणि शेजारीण दारातूनच म्हणाली, "अगं, आजार कसला घेऊन बसलीस? पूर्वी तुझ्याच हातच्या मैद्याच्या रिंगा खात होती ना ती?"

सासूची सुरी थांबली. खरंच की. तेव्हा तर मैद्याच्याच असायच्या. तेव्हा हिला कुठे काय झालं होतं?

शेजारीण गेली. सासू बराच वेळ पिठाच्या पातेल्याकडे बघत राहिली. मग शेजारी जाऊन वाटीभर मैदा मागून आणला. त्यातला दोन चमचे पातेल्यात टाकला आणि पटकन ढवळला, जणू कुणी बघत होतं.

सून आली ती थेट स्वयंपाकघरात. "आई, मी तळू का?"

"नको. तू बस तिकडे."

सासूनं टेबलावर बशी ठेवली. "गव्हाचा कणही नाही हं," ती म्हणाली. आजवर कुणाच्या ताटात तिनं खोटं वाढलं नव्हतं.

सुनेनं पहिली रिंग मोडली. कटकन. "अगदी पूर्वीसारख्या झाल्यात, आई!" तिनं एक खाल्ली, दुसरी खाल्ली, सहा खाल्ल्या. मुलगा फोनमध्ये डोकं घालून होता. "बेतानं खा," एवढंच म्हणाला. "तीनला निघायचंय आपल्याला."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरचा नंबर सासूनं पदराच्या गाठीत बांधून ठेवला होता. हिला काही झालं तर पापी आपण, नाही झालं तर खोटारडी ही. सुनेच्या चेहऱ्यावरून तिची नजर हटत नव्हती. दहा मिनिटं. अर्धा तास. सुनेनं भांडी घासली, जुन्या गप्पा काढल्या, खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं. दीड तास झाला. मुलगा उठून चपला शोधू लागला.

"बस खाली," सासू म्हणाली. "मैदा होता त्यात. दोन चमचे."

मुलगा गर्रकन वळला. "आई! तू तिला गहू घातलास?"

"घातला. आणि बघ, साधी शिंकही आली नाही तिला." तिचा आवाज चिरकला. "माझ्यावर ओरडू नकोस. तिला विचार. दोन वर्षं मी घर घासत बसले, वेड्यासारखी. माझ्या पोटच्या पोराला माझ्यापासून तोडायला हा आजार कुठून पैदा केला, विचार तिला!"

मुलानं काहीच विचारलं नाही. त्याची मान खाली गेली. टेबलावर पडलेले चुरचुरीत कण तो बोटानं एकेक गोळा करत राहिला.

सून त्याच्याकडे बघत होती. "तू सांगतोस, की मी सांगू?"

त्यानं आणखी एक कण उचलला.

मग ती उठली. सासूपाशी येऊन खाली बसली आणि तिचा तेलकट हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आई, मला कधी काही झालेलंच नाही," ती म्हणाली. "मला तर याच घरात राहायचं होतं."